सहलीचे लेख आणि समुद्रकाठचे किल्ले

प्रवासवर्णन हा आपल्या वाङ्मयातील जुना व लोकप्रिय प्रकार आहे. परंतु त्याचे जे एक धाकटे भावंड दिवाळी अंकांतून व रविवारच्या पुरवण्यांतून वाढीस लागले आहे, त्याचा विचार टीकाकारांनी फारसा केलेला दिसत नाही. शनिवारी पहाटे निघावयाचे, एखादा जलदुर्ग व एखादे दीपगृह पाहावयाचे आणि रविवारी रात्री घरी परतावयाचे, अशा दोन दिवसांच्या सफरीवर एखाद्या दांपत्याने लिहिलेला हा लेख असतो. सुशिक्षित कुटुंबांत तो आवडीने वाचला जातो, आणि पुढल्या सुटीत तीच कुटुंबे मुलाबाळांसह त्याच वाटेने जातात. लेखकाने जे पाहिले नाही, ते मग वाचकही सहसा पाहत नाहीत. एवढ्यासाठी तरी या लेखांची परीक्षा व्हावयास हवी.

त्यांना उथळ म्हणणारे बहुधा वेळेच्या तोकडेपणाकडे बोट दाखवितात. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. दोन दिवसांत पुष्कळ पाहता येते. मात्र पाहणाऱ्यास काही गरज असावी लागते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची गोडी प्रवासाच्या लांबीत नाही. दक्षिणेच्या आशेने निघालेला एक गरीब ब्राह्मण १८५७च्या धामधुमीत सापडतो, आणि त्याच्या भीतीचा व भुकेचा वाटेवरच्या प्रत्येक गावाशी काही ना काही संबंध येतो, यात ती आहे. सहलीच्या लेखकावर असा प्रसंग येत नाही, हे उघड आहे. परंतु कुतूहल ही देखील एक प्रकारची भूकच आहे, आणि तिचाही पत्ता नसावा, ही खेदाची गोष्ट होय.

तिच्या जागी येतात ती ठराविक विशेषणे. तट दिसला की गतवैभव, दीपगृह दिसले की एकाकी प्रहरी, आणि दोहोंच्या मागे मावळता सूर्य! अशा लेखातील अलिबाग खोडून मुरूड लिहिले, तरी एकही वाक्य बदलावे लागत नाही. यातील मुख्य दोष असा की, किल्ला व दीपगृह या दोन्ही वास्तू लेखकाच्या दृष्टीने एकाच चित्रातील शोभा ठरतात. वस्तुतः त्या परस्परविरुद्ध हेतूंनी उभारलेल्या आहेत. किल्ला परक्या जहाजास दूर राहावयास बजावतो. दीपगृह कोणत्याही जहाजास, ते कोणाचे आहे हे न विचारता, वाट दाखविते.

थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर हा विरोध एकाच खडकावर पाहावयास मिळतो. मुंबईच्या इंग्रजांवर व जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी १६७९ साली हे बेट बांधावयास घेतले. इंग्रजांनी नाकेबंदी करून पाहिली, सिद्दीही चालून आला. परंतु मायनाक भंडारी व दौलतखान यांनी काम तडीस नेले. पुढे १८६७ साली त्याच बेटावर इंग्रजांनी दीपगृह उभारले, ते मुंबईकडे येणाऱ्या जहाजांच्या सोयीसाठी. जेथून मुंबईची वाट अडवावयाची, तेथूनच ती दाखविली जाऊ लागली! एवढ्या एका गोष्टीत सत्ता, व्यापार व समुद्र यांचा दोनशे वर्षांचा इतिहास साठविलेला आहे. लेखक मात्र तेथील वाजणारा दगड ठोकून पाहतात, वेताळास नमस्कार करतात आणि होडीत बसतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरीही आहे. यापुढे तिच्यावर लेख वाढतील यात शंका नाही. वाढू नयेत ती विशेषणे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचीही हीच गत. ओहोटीस तेथे पायी जाता येते आणि भरतीस होडी लागते, ही माहिती लेखाच्या तळाशी सूचनेदाखल दिलेली असते. खरे पाहता तोच लेखाचा गाभा व्हावयास हवा. ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारचा हिशेब रविवारी उपयोगी पडत नाही. हा किल्ला दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा जमिनीस जोडला जातो, हे ध्यानी आल्यावाचून चुन्याशिवाय रचलेले ते प्रचंड दगड आणि आतील गोड्या पाण्याचा तलाव यांचा अर्थ कळत नाही.

कोर्लईस तर याहून मोठा ठेवा हातचा जातो. तेथे दीपगृहाच्या मागून किल्ल्यावर वाट चढते. पोर्तुगीजांनी हा किल्ला १५९४ साली निजामशाहीकडून घेतला आणि १७४० साली चौलचा प्रदेश मराठ्यांकडे आला. राज्य गेले, प्रार्थनामंदिराचे छप्पर गेले. परंतु पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी पोर्तुगीजोद्भव बोली आजही आहे. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. वर पडक्या भिंतींपाशी उसासे टाकणारा लेखक त्याच गावातून दोनदा जातो, आणि किल्ल्याहून अधिक टिकलेली ही वस्तू त्याच्या कानी पडत नाही.

राहता राहिला प्रश्न उभयतांचा. या लेखांत ‘आम्ही’ हा शब्द ओळीओळीस येतो, पण त्यामागे माणूस एकच असतो. पती इतिहास सांगतो. पत्नी दमते, डबा सोडते आणि सूर्यास्त पाहून हरखते. तिला शंका येत नाही, तिचा मतभेद होत नाही. दोघांनी मिळून प्रवास करण्याचा वाङ्मयीन लाभ असा की, एका वस्तूकडे पाहणाऱ्या दोन दृष्टी आपोआप मिळतात. एकाने तोफा मोजाव्या, दुसऱ्याने वेढ्याच्या दिवसांत तटाआड पाणी कसे पुरत असेल ते विचारावे. एकास किल्ला आवडावा, दुसऱ्यास दीपगृह. तो वाद लेखात उतरला, तर वाचकास स्वतःचे मत बनविण्यास जागा राहील. पत्नीला मुकी ठेवणारा लेखक तिच्यावर तर अन्याय करतोच, पण निम्मा प्रवासही वाया घालवितो.

दीपगृहाची एक रीत या लेखकांनी अभ्यासावी. शेजारच्या दोन दीपगृहांचे प्रकाश सारखे असून चालत नाहीत. प्रत्येकाच्या उघडझापेचा क्रम निराळा ठरविलेला असतो व तो खलाश्यांच्या पुस्तकात नोंदलेला असतो. त्यावरूनच अंधारात आपण कोठे आहो हे त्यांना समजते. सर्व दिवे एकसारखे लुकलुकले, तर ते कितीही तेजस्वी असोत, जहाज खडकावर जावयाचेच. आपल्या प्रवासलेखांत प्रकाशाची वाण नाही. लेख वाचून आपण कोणत्या किनाऱ्यावर आहो हे मात्र कळावयास हवे.