सामूहिक ग्रंथरचना आणि योजनेचा प्रश्न : पुण्यातील तीन उदाहरणे

एकट्या लेखकाचा ग्रंथ आणि अनेकांनी मिळून सिद्ध केलेला ग्रंथ यांत केवळ श्रमविभागणीचा फरक असतो, अशी एक समजूत आढळते. फरक त्याहून खोल आहे. एकटा लेखक लिहिता लिहिता आपला बेत बदलतो आणि मागची पाने पुन्हा लिहून काढतो. दहा जणांनी वाटून घेतलेल्या कामात असा बदल दहा ठिकाणी करावा लागतो, आणि एखाद्या ठिकाणी तो राहून गेला तर ग्रंथाच्या सर्वच भागांविषयी शंका उत्पन्न होते. म्हणून सामूहिक ग्रंथाची योजना हाच त्याचा पहिला अध्याय समजला पाहिजे, व टीकाकाराने तिची परीक्षा तितक्याच कसोशीने केली पाहिजे.

अशा प्रत्येक योजनेपुढे काल, व्याप्ती आणि प्रामाण्य असे तीन हक्कदार उभे असतात. काम ठरल्या मुदतीत व्हावे, काहीही वगळले जाऊ नये आणि प्रत्येक विधानाला पूर्ण आधार असावा, ही तिन्ही मागणी एकाच वेळी पुरी होणे जवळजवळ अशक्य असते. कोणाला कोणापुढे नमावयाचे हे योजनेने आरंभी ठरविले नाही, तर ते पुढे परिस्थिती ठरविते. पुणे शहरात विसाव्या शतकात चाललेल्या तीन मोठ्या कार्यांची या दृष्टीने तुलना करण्याजोगी आहे.

पहिले कार्य महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्ययन करून परतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी त्यासाठी भागभांडवलाची मंडळी स्थापन केली आणि वर्गणीदार मिळविले. वर्गणीदाराला खंड दिलाच पाहिजे, या बंधनामुळे कालाचा हक्क सर्वांत प्रबळ ठरला. १९२० पासून सुमारे दशकभरात तेवीस खंड बाहेर पडले. एका प्रांतिक भाषेत, सरकारी आश्रयावाचून इतक्या वेगाने झालेले हे काम आजही आश्चर्यकारक वाटते. तथापि या वेगाची किंमतही ग्रंथातच दिसते. अकारविल्हे येणाऱ्या शरीरखंडांपूर्वी पाच प्रस्तावनाखंड आहेत. त्यांतून इतिहास व समाज यांविषयीची केतकरांची स्वतःची उपपत्ती ठायी ठायी डोकावते. मुदतीने बांधलेल्या कामात मतभेद मिटवीत बसण्यास अवसर नसतो, आणि मग प्रमुख संपादकाचे मत हेच संस्थेचे मत होऊन बसते. केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात ज्ञानकोशमंडळाचा इतिहास लिहून ठेवला, हे मात्र योजनेच्या अभ्यासकांवर त्यांचे मोठे उपकार आहेत. या कार्यशाळेत तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग आणि १९४८ मध्ये शास्त्रीय परिभाषेचा कोश सिद्ध केला. म्हणजे या योजनेने ग्रंथाबरोबर संपादकही निर्माण केले.

दुसरे कार्य भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे. त्याचा आरंभ १९१९ मध्ये झाला. येथे प्रामाण्याला अग्रहक्क मिळाला. पण तो कसा राबविला गेला, हे अधिक बोधप्रद आहे. ना. बा. उतगीकर यांनी संपादिलेले विराटपर्व १९२३ मध्ये तात्पुरती आवृत्ती म्हणून छापून विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आले. एवढ्या प्रचंड ग्रंथाचा एक छोटा भाग आधी पूर्ण करून, तो इतरांच्या टीकेस खुला करून, मग पद्धती निश्चित करणे हा खरा योजनाविवेक होय. १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी कामाची घडी नव्याने बसविली. पोथ्यांतील पाठ नोंदण्याचे काम पुण्याबरोबरच शांतिनिकेतन व तंजावर येथेही चालले. निरनिराळ्या हातांनी केलेल्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून ठराविक आखणीचे तक्ते वापरण्यात आले. ग्रंथाची वाटणी पर्वांनुसार, म्हणजे त्याच्या नैसर्गिक सांध्यांवर झाली. प्रत्येक पर्वाचा संपादक आपल्या नावाने त्याची जबाबदारी घेऊ शकला. जेथे पाठ निःसंशय ठरविता येत नव्हता, तेथे त्याखाली नागमोडी रेघ देण्यात आली. ही रेघ दिसण्यास क्षुल्लक आहे. परंतु तिच्यामुळे संपादकाला खोटी निश्चिती न दाखविता पुढे जाता आले. १९४३ मध्ये सुकथनकर निवर्तले, तरी श्री. कृ. बेलवलकर व पुढे प. ल. वैद्य यांच्या हाती काम चालू राहिले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. येथे नमला तो काल. परंतु त्याला किती नमवावयाचे याची सीमा अठरा पर्वांनी आधीच आखून दिली होती.

तिसरे कार्य डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे. सु. मं. कत्रे यांच्या प्रेरणेने १९४८ मध्ये आरंभिलेल्या या ऐतिहासिक कोशात व्याप्तीचा हक्क सर्वोपरी मानला गेला. ऋग्वेदापासून उत्तरकालीन वाङ्मयापर्यंतचे सुमारे पंधराशे ग्रंथ निवडून त्यांतील प्रयोगांच्या चिठ्ठ्या करण्यात आल्या. त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतरच्या चार दशकांत तीसहून अधिक भाग प्रसिद्ध झाले, तरी मुद्रण ‘अ’ या पहिल्याच वर्णात राहिले. जमविलेली सामग्री अमोल आहे, यात वाद नाही. पण संग्रह आणि लेखन या दोन अवस्था कालदृष्ट्या इतक्या दूर ठेवल्या, की एका नोंदीस किती श्रम लागतात याचा अनुभव येण्यापूर्वीच संग्रहाचा आकार ठरून गेला होता.

हा दोष केवळ पुण्याचा नव्हे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची मुदत १८७९ मध्ये दहा वर्षांची धरली होती. १८८४ मध्ये निघालेला पहिला भाग आद्याक्षरातच संपला आणि कोश १९२८ मध्ये पुरा झाला. परंतु तेथे लवकर छापलेल्या पहिल्या भागानेच अंदाजातील चूक उघड केली, आणि पुढे स्वतंत्र अधिकाराचे आणखी संपादक नेमून गती वाढविता आली. चूक लवकर कळणे, हाच लहान भाग आधी पुरा करण्याचा लाभ.

आज विद्यापीठांच्या विभागांतून परिभाषाकोश, सूची व प्रयोगपुस्तिका मिळून लिहिण्याचे उपक्रम हाती घेतले जातात. त्यांच्या आराखड्यात समित्यांची नावे व प्रकरणांची यादी ठळक असते. वाद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, शंकास्पद मजकूर कोणत्या खुणेने दाखवावयाचा आणि मुदत संपत आल्यावर काय गाळावयाचे, याविषयी मौन असते. हे प्रश्न कारकुनी मानले जातात. परंतु वरील तिन्ही ग्रंथांचे भवितव्य याच प्रश्नांच्या उत्तरांनी ठरविले. केतकरांचा निर्धार किंवा सुकथनकरांची विद्वत्ता कोणत्याही आराखड्यात लिहून मागता येत नाही. एक प्रकरण आधी पूर्ण लिहून ते सर्व सहलेखकांपुढे टीकेसाठी ठेवावे आणि त्यास लागलेल्या दिवसांवरून उरलेल्या कामाची मुदत व व्याप्ती ठरवावी, ही अट मात्र कोणत्याही विभागास आपल्या आराखड्याच्या पहिल्या पानावर घालता येईल.