पुसलेली रेघ

वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेतून १९६३ साली बाहेर पडलेला ‘द स्वोर्ड इन द स्टोन’ हा कार्टून-चित्रपट आम्ही ब्लू-रे तबकडीवर मुलांसमवेत पुन्हा पाहिला, आणि मन काहीसे खट्टू झाले.

‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’पासून (१९६१) त्या चित्रशाळेत चित्रकाराची पेन्सिलीची रेघ झेरॉक्सच्या साह्याने थेट पारदर्शक तावावर उतरवू लागले. शाईने गिरविणारा मधला हात गेला. मूळ रेघ तिच्या खडबडीतपणासह पडद्यावर आली. मर्लिनची दाढी आणि मॅडम मिमचे विस्कटलेले केस यांची सारी मौज त्या रेघेतच आहे.

२०१३ सालच्या या तबकडीत नेमकी तीच रेघ विरली आहे. फिल्मवरील कण म्हणजे जणू मळच, असे मानून ते पुसले गेले आणि त्यांच्याबरोबर बारीक रेषाही गेल्या. रंग उजळले, पण चेहरे मेणाचे झाले. ध्वनीविषयी मात्र आमची तक्रार नाही. संवाद स्वच्छ ऐकू येतात.

हा दोष साधनांचा म्हणावा, तर १९५० च्या ‘सिंड्रेला’ची २०२३ मधील फोर-के तबकडी पाहावी, तेथे कण आणि रेघ दोन्ही शाबूत आहेत. आमच्या मुलांची या चित्रपटाशी ओळख घरच्या पडद्यावरच व्हावयाची. तबकडी जे दाखवील तेच त्यांच्या लेखी मूळ चित्र. बदलीच्या गावी सामान सोडताना आपण तसबिरीची काच पुसतो, आतले चित्र घासत नाही. एवढा विवेक येथेही हवा होता.