परवाना सगळ्यांना, गाण्याला नाही

रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी दिला. मूळ भांडण क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचं होतं. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सरकारची मक्तेदारी मोडली, आता गावोगावचं गाणं आपापल्या केंद्रावरून ऐकू येईल, अशी आशा तेव्हा बाळगता येत होती. आज नाशिकहून कोल्हापूरला जाताना एफएम लावून बसा. शहरं बदलतात, गाणी तीच राहतात.

याचं खापर निवेदकांच्या बडबडीवर किंवा श्रोत्यांच्या अभिरुचीवर फोडायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. खासगी एफएमचा पहिला लिलाव 2000 साली झाला, तेव्हाचं परवाना शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणारं होतं. कमाई होवो न होवो, पैसे भरायचेच. असा तगादा मागे असताना सकाळी आठ वाजता कुमार गंधर्व लावायची हिंमत कोण करेल? 2005 मध्ये वार्षिक शुल्क उत्पन्नाच्या 4 टक्क्यांवर आलं. पण तोवर नव्या हिंदी सिनेमाचं गाणं, मग गप्पा, मग जाहिरात हा साचा घट्ट बसला होता. खुद्द मुंबईत मराठी गाणी लागावीत म्हणून आंदोलनं झाली, यातच सगळं आलं. या साच्याबाहेर, उपग्रहावरून येणाऱ्या वर्ल्डस्पेसवर ‘गंधर्व’ ही अख्खी वाहिनी हिंदुस्थानी संगीताला दिलेली होती. ती सेवा 2009च्या अखेरीला बंद पडली.

स्थानिक केंद्र गाण्यासाठी काय करू शकतं, याचा सर्वांत मोठा दाखला मात्र आपल्या घरचा आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झालं आणि दोनच वर्षांत, 1 एप्रिल 1955 रोजी, तिथून गीतरामायण सुरू झालं. केंद्रावरच्या सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे सलग चालेल असं काहीतरी मागितलं, आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल असा क्रम चालला. गीतं 56. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे एकमेकांपासून लांबचे गळे त्यात गायले. आपण याचं श्रेय माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या प्रतिभेला देतो, ते योग्यच आहे. पण त्या प्रतिभेमागे एक स्टुडिओ होता, वाजवायला वादक होते, आणि कवीवर विश्वास टाकून वर्षभराची वेळ राखून ठेवणारा अधिकारी होता. कोणत्याही बाजारपाहणीने त्याला आधी हमी दिली नव्हती.

सांगली, रत्नागिरी, परभणी, जळगाव इथल्या केंद्रांनी हेच काम लहान प्रमाणावर केलं. भजन, भारूड, पोवाडा, नाट्यगीत गाणारी आसपासची माणसं ऑडिशन देऊन श्रेणी मिळवत आणि कार्यक्रमाच्या हँडबिलावर ‘आकाशवाणी कलाकार’ असं अभिमानाने छापत. पुढे निवृत्त वादकांच्या जागा रिकाम्या राहिल्या. नव्या ध्वनिमुद्रणाऐवजी जुनी मुद्रणं आणि सहक्षेपण यांवर वेळ निभावणं वाढत गेलं. केंद्र चालू आहे म्हणजे ते नवं गाणं घडवतंच आहे, असं आता समजता येत नाही.

तिसरी वाट कम्युनिटी रेडिओची. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना ती खुली झाली. आज देशात अशी पाचशेहून अधिक केंद्रं आहेत. 2008 मध्ये तेलंगणातल्या पस्तापूरजवळ दलित स्त्रियांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ सुरू झाला, आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’. जात्यावरची ओवी इथे गावाच्या स्वतःच्या आवाजात हवेवर आली, ही साधी गोष्ट नाही. तरी एक तक्रार आहे. बऱ्याच केंद्रांवर लसीकरण, बचतगट, पीकसल्ला यांना मानाची जागा, आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये भर घालायला गाणं. सल्ला हवाच, पण गाण्याची निवड करणं हेही काम आहे आणि त्यालाही जाणकार माणूस लागतो, हे तिथे फारसं कुणाच्या मनात येत नाही.

दोष पुन्हा नियमांत आहे. परवान्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी, शिवाय स्थानिक लोकांसाठी किमान तीन वर्षं काम केल्याचा पुरावा हवा. लोकहिताचे माहितीपर कार्यक्रम सोडले, तर 2006च्या धोरणाने प्रायोजित कार्यक्रमांना बंदी घातली. म्हणजे गावातला पेढेवाला जाहिरात देऊ शकतो, पण नाट्यसंगीताचा एक तास स्वतःच्या नावाने चालवू शकत नाही. रेडिओसाठी आपण दोनच खाती उघडली, धंदा आणि विकास. निव्वळ निरनिराळं गाणं ऐकवण्यासाठी एकत्र आलेल्या माणसांनी कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा?

अशी माणसं तग धरू शकतात, हे न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयूवरून दिसतं. हे केंद्र 1958 मध्ये अप्सला कॉलेजात सुरू झालं. 1995 मध्ये कॉलेज दिवाळखोरीत बंद पडलं, पण केंद्र जगलं, कारण परवाना त्याआधीच केंद्राच्या स्वतःच्या ना-नफा संस्थेने विकत घेतला होता. निवेदक बिनपगारी, वाजवायचं काय हे ज्याचं त्याने ठरवायचं, खर्च श्रोत्यांच्या वर्गणीतून. उलट टेक्सासमध्ये राइस विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांच्या केटीआरयू केंद्राची लहर 2011 मध्ये 95 लाख डॉलरना विकली. तिथे विद्यार्थ्यांचं संगीतप्रेम कमी नव्हतं, कागद त्यांच्या नावावर नव्हता. आपल्याकडच्या तरुणांनी परवान्याच्या भानगडीत न पडता इंटरनेट गाठलं. दिल्लीचं बॉक्सआउट एफएम 2017चं. छान आहे, पण डेटा पॅक संपलेल्या श्रोत्यापर्यंत ते पोचत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये 234 नव्या शहरांत 730 खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत लातूर आहे, चंद्रपूर आहे. स्थानिक भाषेला आणि संस्कृतीला उत्तेजन मिळेल, असं सांगितलं गेलं. लिलावाने हे होत नाही, याचा अनुभव आपण पंचवीस वर्षं घेतला आहे. तेव्हा प्रत्येक शहरात निदान एक लहर लिलावाबाहेर ठेवावी, ती श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संगीतकेंद्राला द्यावी, आणि तीन वर्षांची अट अशा अर्जदारांसाठी काढून टाकावी. गावोगावच्या संगीतसभा, भजनी मंडळं आणि नाट्यसंस्थांनी ही मागणी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लेखी पाठवावी.