लस, लष्कर आणि निकालपत्र: दावा नेमका कोणता?



ऑक्टोबर २०२१ मध्ये आपली कॉलेजं पुन्हा उघडली ती दोन डोसांच्या अटीवर. तुमच्यापैकी अनेकांनी गेटवर सर्टिफिकेट दाखवलं असेल. त्याच वर्षी जामनगरच्या एका हवाई दल कॉर्पोरलची मात्र नोकरीच पणाला लागली होती. त्याने कोविडची लस नाकारली, कारणे दाखवा नोटीस आली आणि तो गुजरात उच्च न्यायालयात गेला. ऑगस्टमध्ये केंद्राने तिथे सांगितलं की देशभरात हवाई दलातल्या नऊ जणांनी लस नाकारली. नोटिशीला उत्तर न देणाऱ्या एकाला सेवेतून काढलं. इतरांसाठी ऐच्छिक असलेली लस हवाई दलात सेवेची अट होती.

पुढे २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल खटल्यात निकाल दिला. ‘लससक्ती घटनाबाह्य’ असं त्याचं सार सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, हे खरं. पण सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हेही त्याच निकालात आहे. तेव्हाचे निर्बंध प्रमाणाबाहेर ठरले, कारण लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी आकडेवारी राज्यांनी मांडली नव्हती. शिवाय ‘संसर्गदर कमी आहे तोवर’ ही मर्यादाही आहे.

निकाल पुरावा मागतो, हे मला आवडतं. माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. ‘लस संसर्ग रोखते’ आणि ‘लस गंभीर आजार टाळते’ हे दोन वेगळे दावे आहेत. दोघांचा पुरावा वेगळा. निर्बंधांचा विचार मुख्यतः पहिल्यावर झाला. कॉलेजसाठी ते ठीक. पण दुर्गम चौकीवरचा एक जवान गंभीर आजारी पडला, तरी अख्खी तुकडी अडचणीत येते. तिथे दुसरा दावाही तपासायला हवा. आणि तो टिकला तरी बदली पुरेशी, की बडतर्फीच हवी, हा प्रश्न उरतोच.

कायद्याचंही तसंच. घटनेच्या कलम ३३ नुसार सैनिकांचे मूलभूत हक्क संसद कायद्याने मर्यादित करू शकते. मग लसीसाठी खात्याचा आदेश पुरतो का? पुलियल निकाल यावर उत्तर देत नाही.

अमेरिकेत ऑगस्ट २०२१ च्या सक्तीनंतर ८,००० हून अधिक सैनिकांना काढलं गेलं. डिसेंबर २०२२ च्या संरक्षण कायद्याने ती सक्ती मागे घ्यायला लावली, पण काढलेल्यांना परत घ्या असं त्यात नव्हतं. त्यासाठी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा वेगळा आदेश निघाला. सक्ती उठली म्हणजे अन्याय मिटला, असं धरून चालू नका.

‘पेट’ची तयारी करताय ना? मग एक सराव करा. निकालपत्र उघडा आणि प्रत्येक निष्कर्षापुढे तीन गोष्टी लिहा: दावा कोणता, पुरावा कोणत्या तारखेपर्यंतचा, आणि तो कुणाला लागू. तिसरा रकाना भरताना त्या कॉर्पोरलला आठवा.