सावित्रीबाईंची तीन पत्रे

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांस १८५६, १८६८ व १८७७ या वर्षी लिहिलेली तीन पत्रे डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयात (१९८८) समाविष्ट आहेत. पतिभक्तीचा पुरावा म्हणूनच ती बहुधा उद्धृत होतात. हे वाचन अपुरे आहे. नायगावाहून लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रकृतीची वार्ता थोडक्यात आटोपते. भावाशी झालेला वाद मात्र विस्ताराने येतो. भावाचा आक्षेप आणि त्यास दिलेले उत्तर, दोन्ही संवादरूपाने मांडलेली आहेत. केवळ सारांशावर बाईंचे समाधान होत नाही. (हा वाद आजारातून उठतानाचा, हे विसरू नये.) ओतूरच्या १८७७ च्या पत्रात दुष्काळाचे वर्णन तर जवळजवळ अहवालाच्या शैलीत उतरले आहे. मायन्यातील आदर तिन्ही पत्रांत सारखाच असला तरी तो लेखनसंकेत होय. त्यावरून लेखिकेची भूमिका दुय्यम ठरविणे म्हणजे मायन्यालाच मजकूर समजणे. १८६८ च्या पत्रात चिडलेल्या गावकऱ्यांच्या हातून एका भिन्नजातीय प्रेमी युगुलास वाचविल्याचा प्रसंग आहे. तेथे हस्तक्षेप करणारा कर्ता व्याकरणदृष्ट्याही प्रथमपुरुषी, एकवचनी आहे.