बडोद्याचे संग्रहालय : संकल्प आणि संग्रह

बडोद्याच्या संग्रहालयाविषयी मराठीत जे लेखन आढळते, त्यात संग्रहालयापेक्षा सयाजीराव महाराज अधिक असतात. हे स्वाभाविकच आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक येऊन १८८१ मध्ये राज्याधिकार हाती घेणाऱ्या आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या या राजाचा मराठी माणसाला अभिमान वाटावा, यात नवल नाही. तथापि संग्राहकाची थोरवी मान्य करूनही संग्रहाचे मूल्यमापन स्वतंत्रपणेच करावे लागते. तसे ते केले असता, येथील सर्वश्रेष्ठ कलावस्तू महाराजांनी जमवलेल्या नाहीत, असे काहीसे अडचणीचे सत्य समोर येते.

मुख्य इमारतीचे काम १८८७ मध्ये सुरू होऊन १८९४ मध्ये पूर्ण झाले; वास्तुरचना रॉबर्ट चिझम यांची. तिला जोडून चित्रशाळेची इमारत १९०८ ते १९१४ या काळात उभी राहिली. परंतु महायुद्धामुळे युरोपातून चित्रे येण्यास विलंब होऊन ती १९२१ मध्ये खुली झाली. चित्रांची निवड लंडनमधील कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे सोपवलेली होती. युरोपला कधीही जाऊ न शकणाऱ्या प्रजाजनांना तेथील चित्रपरंपरेचा परिचय व्हावा, हा हेतू उदात्त खराच. पण परिचयासाठी केलेल्या संग्रहात नमुने येतात, ओढ क्वचितच येते. त्याच वर्षांत पॅरिसमध्ये चित्रकला मुळापासून बदलत होती. स्पीलमन यांची अभिरुची मात्र व्हिक्टोरियनच राहिली. येथील युरोपीय दालन पाठ्यपुस्तकासारखे वाटते ते यामुळे. (मराठी पर्यटक बहुधा रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांची चौकशी करीत येथे येतो, त्यासाठी त्याला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालय गाठावे लागते.)

या दालनातून अकोट्याच्या धातुमूर्तींकडे वळले की पाहणाऱ्याची वृत्तीच पालटते. बडोद्याच्या वेशीवरील अकोटा, म्हणजे प्राचीन अंकोट्टक, येथे १९५१ मध्ये जैन धातुमूर्तींचा निधी सापडला. पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढील अनेक शतकांच्या या मूर्तींत जीवंतस्वामींची मूर्ती मला विशेष महत्त्वाची वाटते. दीक्षा घेण्यापूर्वी राजवाड्यातच ध्यानस्थ झालेले महावीर, ही तिच्यामागील कल्पना. त्यामुळे मस्तकी मुकुट आहे, अंगावर अलंकार आहेत. आणि उभे राहणे मात्र कायोत्सर्गातील साधकाचे. ऐश्वर्य आणि विरक्ती यांतील विरोध शिल्पकाराने चेहऱ्यावर नाट्यमय भाव आणून दाखवलेला नाही. अलंकार तो मनापासून घडवतो, पण शरीर त्यांची दखल घेत नाही, एवढेच. एका जीवंतस्वामी-प्रतिमेच्या पीठावरील लेखात ती नागीश्वरी नावाच्या श्राविकेचे दान असल्याची नोंद आहे. चवरीधारिणीचे सौष्ठव अधिक प्रसिद्ध आहे आणि छायाचित्रांतूनही तीच अधिक दिसते; तिचे लावण्य मान्य करूनही जीवंतस्वामींची कलात्मक झेप मोठी आहे, असे माझे मत आहे. शामळाजीची पाषाणशिल्पे या धातुमूर्तींच्या शेजारी ठेवून अभ्यासली पाहिजेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग महाराजांचे श्रेय कोणते? १९५१ मध्ये ते हयात नव्हते. त्यांचे निधन १९३९ मधील. परंतु निधी सापडणे आणि तो वाचला जाणे या दोन भिन्न घटना आहेत. जमिनीतून निघालेल्या धातुमूर्ती भट्टीत वा बाजारात गेल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. अकोट्याच्या मूर्तींना उमाकांत शाह यांच्यासारखा अभ्यासक लाभला आणि १९५९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाह ज्या प्राच्यविद्या मंदिरात काम करीत, ते १९२७ मध्ये सयाजीरावांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले होते. संग्रहालयातही नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले एर्न्स्ट कोन-वीनर व त्यांच्यानंतर हेरमान गोट्झ यांच्यासारखे कलेतिहासकार आले. गोट्झ यांच्या काळात संग्रहालयाचे संशोधन-नियतकालिक निघू लागले आणि १९५२ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला.

१९४४ मध्ये मही नदीच्या मुखात वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडाही याच संग्रहात आहे. कलारसिकाला तो अस्थानी वाटतो. परंतु हे केवळ कलासंग्रहालय व्हावे, असा मूळ संकल्पच नव्हता. शाळकरी मुले आजही प्रथम त्याच्याकडेच धावतात, आणि तेथून धातुमूर्तींपर्यंतचे अंतर काही पावलांचेच असते.