कॅमेऱ्यासमोरची सिस्टर

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय माझा नाही. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, रिअॅलिटी शोमध्ये दिसलं तर आमच्या करिअरचं काय होतं?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी गेल्यावर वाटलं, आपण टीव्हीवर इतकी वर्षं लिहितो आणि या साध्या प्रश्नाला आपल्याकडे धड उत्तर नाही. म्हणून आज एकच कार्यक्रम घेतो आणि त्याच्यापाशीच थांबतो. कार्यक्रम अमेरिकेतला आहे, 'एनवाय मेड'. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या, नावाजलेल्या हॉस्पिटलात त्याचं बरंचसं चित्रीकरण झालं. एबीसी वाहिनीवर पहिलं पर्व जुलै 2012 मध्ये सुरू झालं, दुसरं 2014 मध्ये आलं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. हा 'बिग बॉस'सारखा प्रकार नव्हे. इथे बक्षीस नाही, कोणी घराबाहेर जात नाही. वाहिनीच्या वृत्तविभागाने तो बनवला होता. त्याच लोकांनी आधी 'हॉपकिन्स' आणि 'बॉस्टन मेड' केलं होतं. त्यामुळे याला माहितीपट म्हणायचा प्रघात आहे. पण जरा बारकाईने बघा. प्रत्येक भागात तीन-चार रुग्णांच्या गोष्टी एकमेकींत विणलेल्या, ऐन वेळी जाहिरात, आणि डॉक्टर-नर्स यांची 'पात्रं' झालेली. एक हळवा, एक अहंमन्य, एक फटकळ. माणसं खरी असली तरी साचा मालिकेचाच आहे.

यातली फटकळ म्हणजे केटी ड्यूक. इमर्जन्सी विभागातली नर्स. आपल्याकडे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतात, तो विभाग. हजरजबाबी, विनोदी, कोणाच्या बापाला न घाबरणारी. पडद्यावर ती आली की तुम्ही मोबाइल खाली ठेवता. पहिल्या पर्वानंतर तिचं नाव झालं, आणि ते होण्यासारखंच होतं.

पण मला खटकतं ते इथे. तिची जीभ दिसते, तिचं काम किती दिसतं? माझी मावशी जिल्हा रुग्णालयात सिस्टर होती. नाइटला आली की आधी ओव्हर घ्यायची, मग हातात टॉर्च घेऊन एकेका खाटेपाशी जायची. सलाईन किती उरलं, लघवीची पिशवी किती भरली, हे बघायची. श्वास मोजायची, आणि तोही पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. एखादा म्हातारा उगाच चादर ओढत असेल तर तिला ते बरं वाटायचं नाही. डॉक्टरांना उठवायची. कधी शिव्याही खायची. सकाळी तो म्हातारा चहा पीत बसलेला असायचा, आणि रात्री काहीतरी टळलं हे त्याला, त्याच्या नातेवाइकांना, कोणालाच माहीत नसायचं. आता याचं चित्रीकरण करून दाखवा! कॅमेऱ्याला काहीतरी घडावं लागतं. नर्सच्या हुशारीचा निम्मा भाग तर काही घडू न देण्यात असतो. मग संकलकाच्या हाती उरतं काय? तिचा स्वभाव.

याचा परिणाम किती खोल जातो त्याचं एक उदाहरण देतो, आणि लगेच मूळ गोष्टीकडे येतो. 2015 च्या 'मिस अमेरिका' स्पर्धेत कोलोरॅडोची स्पर्धक नर्स होती. गाणं-नाच न करता ती हॉस्पिटलच्या कपड्यांत, गळ्यात स्टेथोस्कोप घालून मंचावर आली आणि आपल्या एका रुग्णाविषयी बोलली. दुसऱ्या दिवशी 'द व्ह्यू' या गप्पांच्या कार्यक्रमात तिची टिंगल झाली. हिच्या गळ्यात डॉक्टरचा स्टेथोस्कोप कशाला, असा प्रश्न आला. डॉक्टरचा! नर्सेस भडकल्या, जाहिरातदारांनी हात आखडता घेतला. मला त्या निवेदिकेचा राग येत नाही. वर्षानुवर्षं टीव्ही बघून तिची जी समजूत झाली होती, तीच तिने बोलून दाखवली.

तर, केटी ड्यूक. 2013 साली तिला हॉस्पिटलने कामावरून काढलं. कारण ऐका. ट्रेनखाली सापडलेल्या एका माणसावर उपचार झाले होते. त्यानंतरच्या रिकाम्या ट्रॉमा रूमचा, पसरलेल्या पसाऱ्याचा एक फोटो होता. मूळ फोटो एका डॉक्टरने टाकलेला. हिने तो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर पुन्हा टाकला आणि वर मथळा दिला, माणूस आणि सहा नंबरची ट्रेन यांची जणू कुस्ती लागली आहे अशा थाटाचा. फोटोत रुग्ण नाही, चेहरा नाही, नाव नाही. तिच्या सांगण्याप्रमाणे गोपनीयतेचा नियम मोडला असा आरोपही तिच्यावर नव्हता. ठपका होता असंवेदनशीलतेचा. आणि तिच्याच सांगण्याप्रमाणे मूळ फोटो टाकणाऱ्या डॉक्टरला कोणी काही बोललं नाही.

माझं मत विचाराल तर तो मथळा वाईटच होता. त्या माणसाच्या बहिणीने वाचला असता तर? कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांचा विनोद काळा असतो. तो नसेल तर ती माणसं तिथे टिकणार नाहीत. पण तो ड्यूटी रूममध्ये, दार लावून करायचा असतो. हे मावशीला कळत होतं. केटीला कळत नव्हतं असं नाही. पण एक वर्ष आधी ते दार उघडलं कोणी? हॉस्पिटलनेच कॅमेरे आत घेतले. तिची हीच जीभ देशभर दाखवली गेली, लोकांनी डोक्यावर घेतली. तोच सूर तिने स्वतःच्या फोनवर लावला, तेव्हा तो असंवेदनशील ठरला. आणि तिला काढल्याची हकीकत? तीही 2014 च्या पर्वात दाखवली. म्हणजे नोकरी गेली, पण एपिसोड वाया गेला नाही.

आता याच कार्यक्रमाची दुसरी बाजू. एप्रिल 2011 मध्ये रस्ता ओलांडताना कचऱ्याच्या गाडीने उडवलेला एक 83 वर्षांचा माणूस त्याच हॉस्पिटलात आणला गेला. नाव मुद्दाम घेत नाही, त्याच्या घरच्यांनी पुरेसं सोसलं आहे. उपचार चालू असताना कॅमेरा चालू होता, डॉक्टरच्या अंगावर माइक होता. संमती कोणाची घेतली नव्हती. तो माणूस तिथेच गेला. ऑगस्ट 2012 मध्ये तो भाग दाखवला गेला, चेहरा धूसर करून आणि आवाज बदलून. त्याची पत्नी घरी टीव्ही बघत होती. तिने नवऱ्याला ओळखलं. (थोडा वेळ शांतता.)

इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस ओळखायला चेहरा लागत नाही, हे त्या संकलकांच्या डोक्यात आलं नसेल.

प्रकरण कोर्टात गेलं. 2016 च्या मार्चअखेरीस न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोपनीयताभंगाचा दावा पुढे चालेल. कोणाविरुद्ध? हॉस्पिटल आणि तो डॉक्टर. मानसिक छळाचा दावा मात्र फेटाळला. वागणूक आक्षेपार्ह होती, पण कायद्याची पायरी गाठण्याइतकी नाही, असं म्हटलं. म्हणजे वाहिनी सुटली. हे नीट लक्षात घ्या. ज्याच्या हातात कॅमेरा होता तो मोकळा, आणि ज्याच्या छातीवर हॉस्पिटलचा बिल्ला होता तो अडकला. गुप्तता पाळायचं बंधन बिल्ल्याबरोबर येतं, आणि नर्सच्याही छातीवर तोच बिल्ला असतो.

पुढच्याच महिन्यात हॉस्पिटलने केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याशी 22 लाख डॉलर भरून तडजोड केली. रुग्णाची संमती चित्रीकरणाच्या आधी हवी, नंतर चेहरा धूसर करून भागत नाही, हेही खात्याने स्पष्ट केलं. तरी 2018 मध्ये बॉस्टनच्या तीन हॉस्पिटलांना दुसऱ्या एका मालिकेपायी मिळून 9,99,000 डॉलर मोजावे लागले. शिकायला वेळ लागतो, असं म्हणू या!

त्या 22 लाखांच्या प्रकरणातलं एक वाक्य मला सोडत नाही. सरकारी निवेदनात असं म्हटलंय की एक रुग्ण मरणाच्या दारात होता, दुसरा तीव्र त्रासात होता, आणि एका वैद्यकीय व्यावसायिकाने थांबा म्हणून सांगितल्यानंतरही चित्रीकरण चालू राहिलं. त्या व्यक्तीचं नाव तिथे नाही. डॉक्टर की नर्स, तेही नाही. सगळ्या गोंधळात रुग्णाची बाजू घेणारं ते एकच माणूस, आणि त्याला या कथेत पात्र म्हणून जागा नाही. समीक्षक म्हणून माझी 'एनवाय मेड'वरची मुख्य तक्रार हीच आहे. केटी वाईट दिसली ही नव्हे. उलट ती फार चांगली दिसली.

मग तिच्या करिअरचं वाटोळं झालं का? नाही. तिला दुसरीकडे इमर्जन्सी विभागातच काम मिळालं, पुढे ती नर्स प्रॅक्टिशनर झाली, व्याख्यानं देते, नर्सेसच्या बाजूने ठणकावून बोलते. तेव्हा 'शोमध्ये गेलीस तर संपलीस' असं मी त्या विद्यार्थिनीला सांगणार नाही. ते खोटं ठरेल. पण केटीने स्वतःच्या नावावर स्वतःला सावरलं. तितकी प्रसिद्ध नसलेली, घरी हप्ते भरणारी एखादी त्या जागी असती तर तिच्याबद्दल आज मी बोलतही नसतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : मॅनेजमेंटनेच सांगितलं की शूटिंगला उभ्या राहा, तर आम्ही काय करायचं?)

तुम्ही सिस्टर आहात का? कुठल्या वॉर्डला? ... आयसीयू. बरं, मग तुम्हाला मी काय सांगणार. पण दोन गोष्टी लेखी मागा. रुग्णाची संमती कोणी घेतली, कधी घेतली, आणि तो कागद केसपेपरला आहे का. दुसरी, तुम्ही 'थांबा' म्हणालात तर कॅमेरा थांबेल का, आणि थांबला नाही तर जबाबदारी कोणाची. तोंडी उत्तर घेऊ नका. ओव्हर जसा लिहून ठेवता तसंच हेही तारीख, वेळ आणि सहीसकट लिहून ठेवा.

(प्रश्न : आणि नाहीच दिलं लेखी तर?)

तर पडदा ओढून घ्या, ताई. खाटेभोवतीचा.